गाडीच्या डबीत पाणी शिरलं तर

आज शिलाईचा विषय नाही, शेळीपालनाचा नाही आणि कर्जाच्या हप्त्यांचाही नाही. म्हणजे हप्ते येतीलच, पण थोड्या वेळाने. आज आम्ही बोलणार आहोत गाडीबद्दल. त्यातही गाडीतल्या अशा एका वस्तूबद्दल, जी आपल्यापैकी बहुतेकींनी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पण ती बिघडली की कालपर्यंत पळणारी गाडी दारात नुसती उभी राहते.

आपल्या भागातल्या कितीतरी गटांकडे आता गाडी आहे. कुणाचा छोटा हत्ती आहे, कुणाची पिकअप, कुणाची माणसं नेणारी व्हॅन. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजना आली. गटाच्या बाईला गाडी घेऊन खेड्यापाड्यांत प्रवासी वाहतूक करता यावी, म्हणून तिच्यात बिनव्याजी कर्जाची सोय होती. काहींनी बँकेचं कर्ज काढलं, काहींनी घरातली गाडी गटाच्या कामाला लावली. धर्माबादची मिरची सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं तिखट करायचं, पाकिटं भरायची आणि नायगाव-बिलोलीच्या बाजाराला न्यायची, तर गाडी लागतेच. गाडी आठ दिवस उभी राहिली तर माल पडून राहतो आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो.

आणि आपला मुलूख पाण्याच्या तोंडावर आहे. गोदावरी आपल्या उशाशी. बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात, म्हणजे ऐन पावसात नदी मोकळी. वरून विष्णुपुरीचं पाणी सुटतं, खाली तेलंगणात पोचमपाडचं धरण भरत येतं, आणि मधल्या ओढ्या-नाल्यांना पाणी टाकायला जागा उरत नाही. मग ते उलटं गावाकडे चढतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ आणि रावणगावला रातोरात पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. तिथे माणसं गेली, जनावरं गेली. अशा वेळी गाडीचं नाव कुणी काढत नाही, काढूही नये. आधी माणसं, मग गोठा, मग धान्य. पण पाणी ओसरल्यावर कधीतरी गाडीकडे वळावं लागतं, आणि नेमकं तेव्हा घाईघाईत जे केलं जातं त्यानेच जास्त नुकसान होतं. म्हणून हे बोलणं कोरड्या दिवसांत ऐकून ठेवा.

तर ती वस्तू कोणती? मेकॅनिक तिला ईसीएम म्हणतात, कुणी ईसीयू म्हणतात. दिसायला जेवणाच्या डब्याएवढी, कधी त्याहून लहान, ॲल्युमिनियमची किंवा काळ्या प्लास्टिकची डबी असते. आपण डबीच म्हणू. तिच्यात हिरव्या पाटीवर बारीक बारीक भाग बसवलेले असतात, आपल्या मोबाइलच्या पोटात असतात तसे. इंजिनला किती डिझेल द्यायचं, कधी द्यायचं, हे ती ठरवते. किल्ली खरी की खोटी, तेही तीच ओळखते. आणि एकच डबी नसते. दिवे, काच आणि कुलपं यांची वेगळी, ब्रेकची वेगळी, एअरबॅगची वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत धूर मोजणारे सेन्सर वाढले आणि ही गुंतागुंतही वाढली.

जुन्या जीपगाड्यांत असलं काही नव्हतं. पाण्यातून बाहेर काढली, डिझेल बदललं, चार जणांनी धक्का मारला की धुराचा लोट सोडत निघायची. गावातल्या जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला त्या काळचा आहे. "काही होत नाही ताई, एकदा सेल्फ मारून बघू." मनाने तो भला माणूस असतो. पण आजच्या गाडीला तो सल्ला चालत नाही. का चालत नाही, ते नीट समजून घेऊ. कारण समजलं तरच चार पुरुषांच्या घोळक्यात "हात लावू नका" असं ठासून म्हणता येतं.

घरी एक प्रयोग करता येईल. पेल्यात पाणी घ्या, चमचाभर मीठ विरघळवा. तांब्याच्या दोन तारा पाण्यात सोडा, एकमेकींना लागू देऊ नका, आणि त्यांची वरची टोकं नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलला जोडा. एका तारेवर लगेच बुडबुडे येतात. दुसरी तार काळवंडते आणि थोड्या वेळात पाण्यात हिरवट-पिवळट गाळ उतरायला लागतो. तो गाळ त्या तारेतूनच आलेला असतो, म्हणजे तार खाल्ली जात असते. आता सेल काढून टाका. तेच पाणी, त्याच तारा, पण ते खाणं जवळजवळ थांबतं.

डबीत हेच होतं. आत तांब्याच्या रेषा केसाएवढ्या असतात. पुराचं पाणी काही शुद्ध नसतं; त्यात शेतातलं खत असतं, गटार असतं, आपली काळी माती असते. अशा पाण्यातून वीज वाहिली की केसाएवढी रेषा काही मिनिटांत तुटू शकते. वीज नसेल तर हीच खराबी व्हायला काही दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत आपल्याला हात फिरवायला सवड मिळते. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातूनच निघतं.

किल्ली बंद आहे म्हणजे वीज बंद आहे असं समजू नका. घड्याळ, कुलूप, किल्लीची ओळख यांसाठी काही डब्यांना बॅटरीतून चोवीस तास सप्लाय चालू असतो. म्हणून पाणी ओसरल्यावर गाडीपाशी गेलात की पहिलं काम बॅटरीचं. त्याआधी एक दार उघडून ठेवा आणि किल्ली आत राहू देऊ नका, नाहीतर कुलूप लागून बसायचं. मग बोनेट उघडा. बऱ्याच गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. आधी उणे खुणेचं, म्हणजे काळ्या वायरीचं टर्मिनल सोडवा, मग लाल. क्रम उलटा करू नका. लाल सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला आणि काळी वायर जोडलेलीच असली, तर मोठी ठिणगी पडते. हे काम कुठल्याही बाईला जमतं. गाडी ज्या गटाची आहे त्यातल्या निदान दोघींनी ते कोरड्या दिवशी एकदा करून बघावं, आणि तो पाना गाडीतच ठेवावा.

गाडी अजून पाण्यात उभी असेल तर मात्र पाण्यात उतरू नका. वाहत्या पाण्यात तर मुळीच नाही. सीएनजीची गाडी असेल तर टाकीचा वॉल्व्ह बंद करून घ्या. आणि बॅटरीवर चालणारी रिक्षा किंवा कार बुडाली असेल, तर आम्ही आज सांगतोय त्यातलं काहीही तिला लागू नाही. तिला हात लावू नका, घराला किंवा गोठ्याला लागून उभी करू नका. भिजलेली मोठी लिथियम बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. कंपनीच्या माणसाला बोलवा.

सेल्फ न मारण्याचं दुसरंही कारण आहे. हवेच्या नळीतून इंजिनमध्ये पाणी गेलेलं असलं आणि आपण सेल्फ मारला, तर आतला पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं. डबीचा खर्च बाजूला राहतो आणि इंजिनचा उभा राहतो. धक्का मारूनही हेच होतं. गाडी हलवायचीच असेल तर गिअर न्यूट्रलला ठेवून ढकला. लांब न्यायची असेल तर पाटीच्या गाडीवर चढवून न्या. टोचन करून ओढत नेताना वाटेत "चला, गिअर टाकून बघू" ही बुद्धी कुणाला होऊ देऊ नका.

आता विमा. हे आम्ही मुद्दाम डबी उघडण्याच्या आधी सांगतोय. पुराचं नुकसान फक्त थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे सगळे ज्याला फुल विमा म्हणतात तो लागतो. तो असेल तर गाडीला हात लावण्याआधी फोटो काढा. पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती चिखलाची रेघ दाराच्या आतून-बाहेरून दिसली पाहिजे. नंबरप्लेट एका फोटोत आली पाहिजे. मग पॉलिसीवर छापलेल्या नंबरला फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घ्या. पाणी शिरल्यावर गाडी चालू करायचा प्रयत्न केला आणि त्यात इंजिन गेलं, तर "हे पुराने नाही, तुमच्या करणीने झालं" असं म्हणून इंजिनचा दावा नाकारला जातो. इंजिनसाठी वेगळं संरक्षण जास्तीचे पैसे भरून घेता येतं. आपल्यासारख्या नदीकाठच्या लोकांनी पॉलिसी नवी करताना ते विचारावं. बॅटरी सोडवायला विमा कंपनीची हरकत नसते. पण डबी काढायची, उघडायची असेल तर सर्व्हेअरला फोनवर सांगा आणि त्याने होकार दिला की तो मेसेजवर मागून घ्या. निजामाबादला गाडी न्यायची असेल तरी आधी विचारा. आपल्याला ते नांदेडपेक्षा जवळ आहे, पण कंपनीच्या यादीतलं गॅरेज कुठलं हे तिलाच ठाऊक. दाव्यावरून तंटा झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

विमा नसेल, किंवा सर्व्हेअर चार दिवस येणार नसेल, तर पुढचं ऐका.

इंजिनच्या खोलीत बसवलेल्या डब्या बहुतेक वेळा पाण्यापासून जपून बनवलेल्या असतात, कारण तिथे पाऊस-चिखल उडणारच हे कंपनीने धरलेलं असतं. जास्त धोका असतो तो गाडीच्या आतल्या डब्यांना. डॅशबोर्डखाली, पायापाशी बाजूच्या पत्र्याला, सीटखाली अशा जागी त्या असतात, आणि ती जागा कोरडी राहील या हिशोबाने त्या बनवलेल्या असतात. म्हणून बाहेरून गाडी "फार बुडाली नव्हती" असं वाटलं, तरी आत सीटपर्यंत पाणी आलं असेल तर डबी भिजलीच असं धरून चाला.

मग ती काढायची कुणी? आमचं स्पष्ट मत सांगतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सत्तर किलोमीटरच्या पुढे असताना या कामाला सगळ्यात जवळचा जाणकार गॅरेजमध्ये नसतो, तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. गॅरेजवाला इंजिन जाणतो, पण हिरव्या पाटीला तो घाबरतो, आणि ते बरोबरच आहे. मोबाइलवाला मात्र रोज पाण्यात पडलेले फोन उघडतो. त्याच्याकडे भिंगाचा दिवा असतो, मऊ ब्रश असतो आणि मुख्य म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल असतं. दुकानात त्याला आयपीए म्हणतात. तेव्हा गाडीतून डबी काढायला वायरिंगवाला आणि ती साफ करायला मोबाइलवाला, अशी जोडी जमवा. आणि दोघांच्या शेजारी उभं राहायला गटातली एक बाई. तिचं काम वही आणि फोन धरण्याचं.

काढण्याआधी कपलरचे फोटो घ्या. कुठला कपलर कुठे बसला होता, ते कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून त्याला लावा. कपलरला खटका असतो, तो उघडल्यावर कपलर अलगद सुटतो. वायरी धरून ओढू नका. पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर तिथेच थांबा. पिवळा म्हणजे एअरबॅग. तिच्या आत स्फोटकासारखा माल असतो. एअरबॅगच्या आणि ब्रेकच्या डबीला घरगुती इलाज करायचा नाही, बॅटरी सोडवलेली असली तरी नाही. त्या डब्यांवर जीव अवलंबून असतो. त्या चालल्यासारख्या दिसल्या तरी ऐन वेळी दगा देऊ शकतात. त्यांना जाणकार माणूसच लागतो, मग तो कितीही लांब असो. आम्ही पुढे जे सांगतोय ते इंजिनच्या आणि दिवे-कुलपांच्या डबीपुरतं.

डबी हातात घेण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगात साठलेली बारीकशी वीज निघून जाते. नायलॉनची साडी असेल तर हे विशेषकरून. डबी तिरपी करून पाणी निथळू द्या. तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या, सगळे आकडे आणि शेवटची अक्षरंसुद्धा. पुढे या फोटोचं काम पडणार आहे.

काही डब्या गोंद लावून कायमच्या बंद केलेल्या असतात, काहींत पारदर्शक जेलीसारखा थर असतो. अशी डबी स्क्रूड्रायव्हर घालून फोडू नका. बाहेरून पुसा, कपलरच्या पिना साफ करा आणि कोरडी होऊ द्या. चार स्क्रूंची असेल तर उघडता येते. उघडल्यावर आत कोरडं आणि चकचकीत असेल तर काहीही न करता परत बंद करा. हेही एक काम आहे, आणि आपल्याकडे ते कमी जमतं. उघडलंय तर काहीतरी करूच, असं वाटतं.

आत चिखल किंवा ओल असेल तर साफ करावीच लागते. इथे बायका दचकतात, कारण पहिली पायरी आहे पाण्याने धुण्याची. पण ते पाणी वेगळं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात क्षार नसतात. बाटलीवरचं नाव वाचून घ्या, तिथेच शेजारी ॲसिडही ठेवलेलं असतं. या पाण्याने पाटीवरची माती आणि खताचे क्षार हळूहळू वाहून जाऊ द्यायचे. आपली काळी माती तर फार चिवट. ओली असते तोवर सुटते, एकदा वाळली की चिपांच्या खाली सिमेंटसारखी बसते आणि दमट हवेत पुन्हा ओल धरते. म्हणून दोन दिवस माणूस मिळणार नसेल, तर चिखलाची डबी तशीच वाळत ठेवण्यापेक्षा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन निथळून ठेवलेली बरी. बोअरचं पाणी नको. घागरीला पांढरा थर धरतो ते पाणी पाटीला काय करेल ते सांगायला नको.

मग आयपीए. शक्यतो नव्याण्णव टक्क्यांचं. ते पाण्याला ओढून घेतं आणि लवकर उडून जातं. मऊ ब्रशने, दात घासल्यासारखं रगडून नाही तर हलक्या हाताने, चिपांच्या कडेने आणि कपलरच्या पिनांमध्ये फिरवायचं. पाटीवर वार्निशासारखा पातळ थर असतो, तो खरवडू नये. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी असतं आणि चिकटपणाही. रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काही नको. आयपीए पटकन पेटतं, म्हणून दारं-खिडक्या उघडी, चूल लांब, आणि विडी ओढणारे बाहेर.

आता तांदळाबद्दल. फोन भिजला की तांदळाच्या डब्यात, हे आता घरोघरी झालंय. तांदूळ ओल फार थोडी ओढतो, आणि त्याची पूड मात्र पिनांमध्ये जाते. आतली माती आणि क्षार तर तो काढतच नाही. तांदूळ शिजवायला ठेवा. डबीला हवा द्या: सावलीत, पंख्यासमोर, निदान दोन दिवस. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा पंख्यानंतर एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नव्या चपलांच्या आणि पर्सच्या खोक्यात येतात त्याच या पुड्या. फेकू नका, साठवा. तव्यावर, चुलीच्या कडेला किंवा टिनाच्या पत्र्यावर भर उन्हात ठेवू नका. हाताला सहन होणार नाही इतकी ऊब पाटीला नको. मोबाइलवाल्यालाही सांगा, गरम हवेची मशीन लगेच लावू नकोस.

साफ केल्यावर पाटी भिंगाखाली बघून घ्या. हिरवी किंवा पांढरी पूड राहिली असेल तर पुन्हा आयपीए. काळा जळका डाग, फुगलेला भाग किंवा तुटलेली रेषा दिसली तर तिथे साफसफाईने भागणार नाही, डबी दुरुस्तीला न्यावी लागेल.

डबी सुकत असताना गाडीकडे बघा, कारण निम्मं काम तिथे आहे. खालचं कार्पेट उचला. त्याच्या खालचा फोम वरून कोरडा वाटतो पण आठवडाभर पाणी धरून ठेवतो. साफ केलेली डबी अशा गाडीत बसवली की चार दिवसांत पुन्हा तीच ओल. फोम बाहेर काढून उन्हात टाका, हवं ते ऊन त्याला द्या. वायरींच्या टोकाचे कपलर, फ्यूजचा डबा, पत्र्याला स्क्रूने लावलेल्या अर्थिंगच्या वायरी, हे सगळं कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या. पाणी वायरीच्या आतून वातीतल्या तेलासारखं चढतं, म्हणून वर असलेला कपलरही उघडून बघावा.

आमच्या कार्यक्रमाशी जोडलेल्या एका गटाची पिकअप रात्रभर सीटपर्यंतच्या पाण्यात उभी होती. सकाळी गटाच्या अध्यक्षबाईंनी आधी बॅटरी सोडवली आणि किल्ली कमरेला खोचली. दोन तास लोक मागत होते, त्यांनी दिली नाही. एका वर्कशॉपने फोनवरच, गाडी न बघता, नव्या डबीचा पाच आकडी खर्च सांगितला. यांनी वर सांगितलेली जोडी जमवली, चौथ्या दिवशी डबी बसवली आणि गाडी चालू झाली. तशी प्रत्येक गाडी होईल असं आम्ही म्हणत नाही. त्याच गल्लीत दुसऱ्या एका गाडीला सकाळीच सेल्फ मारून झाला होता. तिची डबी उघडली तेव्हा एका चिपेचे पाय हिरवे होऊन तुटलेले होते.

परत जोडताना बॅटरीचा क्रम उलटा: आधी लाल, मग काळी. त्याआधी गॅरेजवाल्याकडून इंजिनचं ऑइल बघून घ्या. चहासारखं दुधाळ झालं असेल तर आत पाणी आहे, सेल्फ अजूनही नाही. हवेचा फिल्टर ओला असेल तरी नाही. सगळं ठीक असेल तर आधी नुसती किल्ली फिरवून मीटरवरचे दिवे बघा. स्कॅनर असलेला मेकॅनिक असेल तर स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला तो लावू द्या आणि आलेले कोड वहीत उतरवा. 'यू' ने सुरू होणारे कोड म्हणजे डब्यांचा आपसातला संपर्क तुटलेला. यू ०१०० आला तर इंजिनची डबीच उत्तर देत नाही असा त्याचा अर्थ. असा कोड आला म्हणून डबी मेलीच असं नाही. एखादा फ्यूज उडालेला, कपलर नीट न बसलेला किंवा अर्थिंग गंजलेली असली तरी तोच कोड येतो. "डबी बदला" म्हणणाऱ्याला हे तीन विचारा: फ्यूज बघितला का, डबीपर्यंत सप्लाय आणि अर्थिंग येतंय का, कपलरच्या पिना बघितल्या का. जो बघून सांगेल त्याच्याशी पुढचं बोला.

आणि डबी खरंच गेली तर? नवी महाग, हे खरं. मग कुणीतरी सांगतं, भंगारातल्या गाडीची आणून देतो, चौथाई पैशात. इथे फसगत होते. तुमच्या किल्लीत एक बारीक चिप आहे आणि तिची खूण जुन्या डबीने लक्षात ठेवलेली आहे. दुसऱ्या गाडीची डबी तुमच्या किल्लीला ओळखत नाही. सेल्फ फिरेल, इंजिन लागणार नाही. जुन्या डबीच्या आठवणीच्या चिपेतली माहिती दुसरीत उतरवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत असतात. पण त्यांना तुमची जुनी डबी लागते. म्हणून गेलेली डबी कुणाकडेही सोडू नका. "जुनी आमच्याकडे राहू द्या" म्हणतील. ती मागून घ्या. दुसरी घ्यायची तर चिठ्ठीवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, नुसतं गाडीचं नाव जुळून उपयोग नाही. खर्च कागदावर लिहून मागा, आणि चालली नाही तर पैसे परत मिळणार का तेही त्याच कागदावर.

एक शेवटची गोष्ट, नवी गाडी घेणाऱ्या गटांसाठी. पूर आला की त्यानंतरच्या काही महिन्यांत जुन्या बाजारात धुतलेल्या, पॉलिश मारलेल्या गाड्या स्वस्तात येतात. त्या आज चालतात; पिनांमधला गंज पुढच्या पावसात बोलायला लागतो. बघायला जाल तेव्हा दारं बंद करून आत दोन मिनिटं बसा, कुबट वास किंवा त्याला झाकणारा भडक सेंट येतो का बघा. सीटखालचे स्क्रू हाताने चाचपा, गंज लागतो का. फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडा, कोपऱ्यात काळी माती आहे का. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गाडी धुणारा सगळं धुतो, पण गुंडाळलेला पट्टा पूर्ण उलगडून सहसा कुणी धूत नाही. आतल्या वीतभर भागावर चिखलाचा डाग असेल, तर पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तिथेच लिहिलेलं असतं.